कॅप्टन अमेरिकाची ढाल, तांबट आळीत ठोकलेली: कामाच्या नोंदी

१ जून २०२५

काम असं: कॅप्टन अमेरिका या मार्व्हलच्या सुपरहिरोची गोल ढाल, तीस इंच व्यासाची, धातूची, दंडात अडकवून चालता येईल अशी. ऑनलाइन मिळते ती प्लास्टिकची. भाच्याकडे एक होती, तिचा तारा कधीच सोलवटून गेला. यूट्यूबवर ढाली बनवणारे बहुतेक अमेरिकन गॅरेजवाले. त्यांच्याकडे पत्रा वळवायचं यंत्र असतं, कॉम्प्रेसर असतो, कोरडी हवा असते. माझ्याकडे गच्ची आणि ड्रिल मशीन आहे, आणि पावसाने आधीच हजेरी लावलीय. पुण्यात कुणाला हे करून बघायचं असेल तर काय मिळतं, कुठे अडतं आणि किती पैसे जातात, ते लिहून ठेवते.

सोबत कॅप्टन अमेरिकाचे चित्रपटही पुन्हा ओळीने बघणार आहे. फेब्रुवारीत आलेला चौथा पाहिल्यापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. त्यात अमेरिकेचा अध्यक्षच लाल राक्षस होऊन व्हाइट हाउसची मोडतोड करतो. म्हटलं, वा, धाडस केलं! पण मग कळतं की त्याला कुणीतरी भलत्याच गोळ्या चारत होतं. म्हणजे खुर्ची बरी, माणूसही तसा बरा, दोष गोळ्यांचा. मी या मालिकेची जुनी चाहती आहे, पण हा प्रश्न आता सुटत नाही: या चित्रपटांत अमेरिकन सरकारचं स्वतःचं, बाहेरच्या कुणी न बिघडवता, कधी काही चुकतं का?

८ जून

रविवार, म्हणून जुना बाजार. जुनी डीटीएचची डिश घ्या, आयता घुमट मिळतो, असा सल्ला मिळाला होता. दीडशेला घेतली. घरी टेप लावली तर एका बाजूने साठ सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूने पासष्टच्या वर. या डिश ऑफसेट पद्धतीच्या असतात, सिग्नल तिरका घेतात, त्यामुळे मुळातच लंबगोल. वर लोखंडी पत्रा आणि मधोमध बोल्टची भोकं. ढाल म्हणून हातात धरली तर कापलेल्या दुधी भोपळ्यासारखी दिसते. भंगारवाल्याने चाळीस रुपये दिले. या वाटेला जाऊ नका.

१० जून

मोजमापं काढताना आकाराचा इतिहास चाळला. पहिल्या कॉमिकवर तारीख मार्च १९४१ ची, पण अंक विक्रीला आला डिसेंबर १९४० मध्ये. मुखपृष्ठावर कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतोय. पर्ल हार्बरला अजून वर्षभर अवकाश होता. अमेरिका युद्धात नव्हती, आणि पडू नये म्हणणाऱ्यांचा तिथे मोठा गट होता. कॅप्टनचे निर्माते जो सायमन आणि जॅक कर्बी दोघेही स्थलांतरित ज्यू घरांतले. युरोपात काय चाललंय याची त्यांना चांगलीच कल्पना होती. अंक निघाल्यावर धमक्या आल्या, तेव्हा न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी फोन करून धीर दिला, असं सायमनने सांगून ठेवलंय. म्हणजे हा देशभक्त जन्माला आला तोच सरकारच्या धोरणापुढे पाऊल टाकून.

त्या पहिल्या अंकातली ढाल गोल नाही. वर सपाट, खाली टोकदार. एमएलजे या दुसऱ्या प्रकाशकाचा अंगावर झेंडा मिरवणारा 'शील्ड' नावाचा नायक १९४० पासून बाजारात होता. त्यांनी तक्रार केली आणि दुसऱ्या अंकापासून ढाल गोल झाली. जगभरात टी-शर्टवर मिरवतो तो आकार नकलेच्या तक्रारीतून आलाय! टोकदार ढालही करायची ठरवलं, पत्र्याची. बघू.

१४ जून

अ‍ॅल्युमिनियमचं सर्कल घेतलं, तीस इंची, अठरा गेज. भांडीवाले हीच सर्कलं वापरतात, वजनावर मिळतात. हे भरलं दीड किलो, चारशे ऐंशी रुपये. फिरत्या साच्यावर पत्रा दाबून आकार देणाऱ्या स्पिनिंगवाल्यांकडे आधी विचारलं. एका नगासाठी कुणी साचा करत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग तांबट आळी, तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची.

तिथल्या एका काकांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "ताई, शिवजयंतीला का? मग ही चार फुलं कुठे बसवायची?" आपली मराठा ढाल गोलच, वर चार फुलं. त्यांनी तशा पूर्वी केल्या होत्या. मी म्हटलं, फुलं नकोत, मधे तारा रंगवायचाय. "एकच?" म्हणाले. मधला खोलगटपणा साडेतीन इंच ठरला, मजुरी पाचशे.

२१ जून

पालख्या शहरात, पेठांतले रस्ते बंद. चालत गेले आणि वाईट बातमी घेऊन चालत आले. सर्कलची कड वितळली. काकांचा हात तांब्याचा. तांबं तापलं की लाल होतं, मग थांबायचं कळतं. अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलताच ६६० अंशांना वितळून जातं. शिवाय अठरा गेज पातळ पडलं. जी कड शाबूत होती तीही ठोकताना लहरली.

उपाय नंतर सापडला, लिहून ठेवा: तापवण्याआधी पत्र्यावर साबणाची वडी घासायची. साबण तपकिरी-काळा झाला की ज्योत काढून घ्यायची. पत्रा मऊ झालेला असतो आणि वितळण्यापासून लांब असतो. आता सोळा गेज घेतेय (गेजचा आकडा लहान, तितका पत्रा जाड).

२२ जून

काम बंद, म्हणून २०११ चा पहिला भाग. मला हाच सगळ्यात आवडतो, आणि पुन्हा बघताना याच्यावरच सगळ्यात जास्त रागही आला.

आवडतो तो त्याच्या मधल्या तुकड्यामुळे. स्टीव्हला, म्हणजे पुढच्या कॅप्टनला, इंजेक्शन देऊन महाबली केलं जातं आणि मग सरकार त्याला काय काम देतं? स्टेजवर नाचणाऱ्या मुलींपुढे उभं राहून युद्धरोखे विकायचं. ढालीच्या मागे संवाद चिकटवलेले, नटाला हिटलर बनवून रोज त्याला खोटा ठोसा मारायचा. अ‍ॅलन मेंकेनने त्यासाठी चक्क जुन्या धाटणीचं प्रचारगीत रचलंय. देशभक्तीचा चित्रपट स्वतःच देशभक्तीच्या जाहिरातबाजीची टिंगल करतो, आणि इटलीतले दमलेले सैनिक त्या नायकाला हुसकावून लावतात. पुढे तो परवानगी न घेता कैद्यांना सोडवायला जातो तेव्हा हातात असते ती स्टेजवरचीच टोकदार पत्र्याची ढाल. खलनायक रेड स्कल तिच्यावर ठोसा मारतो आणि मुठीचा खड्डा पडतो. पत्र्याच्या ढालीला तोच खड्डा हवा, हे तिथेच ठरलं.

राग कशाचा? कॅप्टनच्या तुकडीत एक कृष्णवर्णीय सैनिक आहे आणि एक जपानी वंशाचा अमेरिकन, आणि सगळे एकाच टेबलावर बिअर पितात. खऱ्या अमेरिकन सैन्यात तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या. हा भेद मोडण्याचा आदेश अध्यक्ष ट्रुमनने १९४८ मध्ये काढला. आणि लाखाच्या वर जपानी वंशाचे लोक, त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिक, त्याच वर्षांत छावण्यांत डांबलेले होते. चित्रपट यावर एक शब्द बोलत नाही. कृष्णवर्णीय, जपानी चेहरे पडद्यावर आणले आणि त्यांचा इतिहास पुसून टाकला. नाझींचंही तसंच. खलनायक हायड्रा, रेड स्कलची गुप्त संघटना, ती हिटलरलाही जुमानत नाही. १९४० च्या मुखपृष्ठावर ज्याचं नाव घेऊन ठोसा मारला होता, तो इथे फक्त स्टेजवरचा विदूषक आहे.

२८ जून

दुसरं सर्कल जमलं. सोळा गेज, दोन किलो, सहाशे चाळीस. मजुरी आता हजार, कारण जास्त वेळा तापवावं लागलं. काकांनी वाळूच्या पोत्यावर कडेकडून आत असं गोल गोल फिरत ठोकलं. ठोक्यांचे बारीक पैलू उठलेत. मठारकाम म्हणून ते सुंदर दिसतं, पण ढालीला गुळगुळीत पाठ हवी. गाडीची पुट्टी भरून घासावी लागणार.

एक अडचण: ठोकताना मधला पंचमार्क, म्हणजे केंद्राची ठोकलेली खूण, गेला. केंद्र नसेल तर कडी काढता येत नाहीत. कडेवरच्या बिंदूंमधून सुतळ्या ताणून केंद्र काढलं. मग लाकडी पट्टीच्या एका टोकाला खिळा, बाकी भोकांत पेन्सिल. दोऱ्याचा कंपास घुमटावर घसरतो. माझी मापं: त्रिज्या पंधरा इंच, त्यात सहा इंचांपर्यंत निळं, मग तीन-तीन इंचांची लाल, चंदेरी, लाल कडी.

५ जुलै

पट्ट्यांचे रिव्हेट आधीच मारून घेतले. नंतर मारले तर तारा फुटतो. डोकी घासून वर पुट्टी भरली. लाल ऑक्साइड प्रायमर, वर निळा स्प्रे. सुकल्यावर मास्किंग टेप काढली तर टेपबरोबर रंगही आला, साल निघावी तसा सगळा.

अ‍ॅल्युमिनियमला साधा प्रायमर धरत नाही. वॉश प्रायमर लागतो. तो धातूला किंचित खातो, म्हणून पकडतो. रंगाच्या दुकानात स्वतःहून कुणी सांगत नाही, मागावा लागतो. तीनशे ऐंशी रुपये.

१२ जुलै

पाऊस. कालच लागलेला नवा सुपरमॅन बघून आले. दिग्दर्शक जेम्स गन आधीच बोलून बसलेत की ही स्थलांतरिताची गोष्ट आहे, त्यामुळे तिकडे रण माजलंय. सुपरमॅन परग्रहावरून कागदपत्रांशिवाय आलेला आहे हे १९३८ पासून सगळ्यांना माहीत असताना याचा धक्का कुणाला बसतो, देव जाणे. यात एक बलाढ्य देश, अमेरिकेचा मित्र, शेजारच्या गरीब देशावर रणगाडे घालतो आणि सुपरमॅन कुणालाही न विचारता मधे पडतो. देश दोन्ही काल्पनिक. आपल्याकडच्या सेन्सॉरला युद्धाचं काही वाटलं नाही. कात्री लागली ती चुंबनाला.

१९ जुलै

ढाल तशीच पडून आहे, हवा ओली. २०१४ चा दुसरा भाग पाहिला, दोनदा थांबवून टिपणं काढली, म्हणून ही नोंद लांबणार.

ढाल बनवणाऱ्यांनी आधी हे बघा: सुरुवातीच्या जहाजावरच्या मोहिमेत ढालीवर लाल रंगच नाही. निळी आणि चंदेरी, अंधारात न दिसणारी. पोशाखही गडद. सरकारी गुप्त कामगिरीसाठी सरकारी रंग. आणि शेवटी, जेव्हा तो त्याच यंत्रणेविरुद्ध उभा राहतो, तेव्हा स्मिथसोनियन संग्रहालयातून स्वतःचाच चाळीसच्या दशकातला जुना गणवेश चोरून घालतो. एक वाक्य न बोलता पोशाखातून एवढं राजकारण सांगणारा दुसरा सुपरहिरो चित्रपट मला आठवत नाही. भाच्याला ती गडद ढाल 'जास्त कूल' वाटते. मी लालच करणार.

विषय थेट आहे. आकाशात तीन शस्त्रसज्ज विमानवाहू यानं, आणि एक गणित जे तुमचे बँकेचे व्यवहार, फोन, ईमेल बघून ठरवणार की पुढे तुम्ही धोकादायक व्हाल. मग गुन्हा घडण्याआधीच वरून गोळी. ओबामांच्या काळातल्या ड्रोन हल्ल्यांच्या यादीवरचा हा रोख तेव्हाही लपला नव्हता. चित्रीकरण एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं आणि जूनमध्ये अमेरिकन सरकारची पाळत उघड करणारी स्नोडेनची कागदपत्रं बाहेर आली. प्रदर्शित होईपर्यंत बातमीच चित्रपटाच्या पायाशी चालून आली. वर खलनायक म्हणून रॉबर्ट रेडफर्ड, जो सत्तरच्या दशकात याच धाटणीच्या चित्रपटांत व्यवस्थेपासून पळणारा माणूस होता.

तासभर मी खुर्चीच्या टोकावर होते. आणि मग पुन्हा तेच. तळघरातल्या जुन्या संगणकातून हायड्राचा शास्त्रज्ञ झोला बोलू लागतो आणि कळतं की गुप्तचर संस्था हायड्राने सत्तर वर्षं आतून पोखरलेली होती. झोलाला अमेरिकेत आणणारी 'पेपरक्लिप' मोहीम खरी होती. युद्धानंतर अमेरिकेने जर्मन शास्त्रज्ञ खरोखरच आपल्याकडे नेले. इथे पटकथा अगदी काठावर येऊन उभी आहे. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर म्हणावं लागलं असतं की नाझी शास्त्रज्ञांना आम्हीच बोलावलं, कारण आम्हाला ते हवे होते. ते पाऊल पडत नाही. स्नोडेनने दाखवलेली पाळत कुठल्या हायड्राने ठेवली नव्हती. ती कायद्याच्या कागदावर, गुप्त न्यायालयाच्या सहीने, पगारी आणि बहुधा सज्जन माणसांनी ठेवली होती. त्यावर ढाल कुठे फेकणार?

तरीही हाच भाग मी सगळ्यांना बघायला सांगते. कॅप्टन मायक्रोफोनवर कर्मचाऱ्यांना सत्य सांगतो आणि एक साधा कंट्रोल रूममधला पोरगा थरथरत बटण दाबायला नकार देतो. महाबली नाही, पिस्तूल नाही. मालिकेतलं खरं देशप्रेम त्या पोराच्या खुर्चीत आहे.

२७ जुलै

दोन दिवस ऊन दिसलं म्हणून पारदर्शक लॅकर मारला. संध्याकाळी चंदेरी कड्यावर दुधाळ पडदा. ओल्या हवेत लॅकर सुकताना आत बाष्प अडकतं. पेपर मारून सगळं काढलं. स्प्रेच्या डब्यांचे नऊशे रुपये पाण्यात, म्हणजे शब्दशः.

मग शहाणपण सुचलं आणि डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेले. बाराशे म्हणाला. सावकाश उडणारा थिनर, समोर हॅलोजन दिवा, दोन हलके हात. आपण गच्चीवर जे करतो आणि तो जे करतो त्यात हाच फरक. चंदेरी कडं मी मुद्दाम न रंगवता ठेवलंय. ढाल फिरत्या खुर्चीच्या बुडावर बसवली, एका हाताने फिरवत दुसऱ्या हाताने स्कॉचब्राइट धरला. चित्रपटातल्यासारख्या गोल रेषा उठल्या. या एका गोष्टीसाठी मी स्वतःची पाठ थोपटते.

२ ऑगस्ट

तारा. निळ्या वर्तुळाची त्रिज्या सहा इंच, तर टोकांमधलं अंतर सात इंचांना केसभर जास्त. कंपास तेवढा उघडून पाच खुणा करा, एक सोडून एक जोडा. सपाट कागदाचा तारा घुमटावर बसत नाही, सुरकुत्या पडतात. थेट टेपनेच आखा.

९ ऑगस्ट

राखी पौर्णिमा. ढाल घेऊन भावाकडे. पट्टे चामड्याचे, चपला शिवणाऱ्या मामांनी शिवून दिले.

भाचा नववीत, वाद घालायच्या वयात. त्याचं म्हणणं जॉन वॉकरच्या बाजूने. २०२१ च्या 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' या वेब मालिकेत सरकारने नेमलेला हा नवा कॅप्टन. मित्र मारला गेल्यावर भर चौकात, लोक मोबाइलवर टिपत असताना, शरण आलेल्या माणसाला ढालीने मारतो. तारा रक्ताने माखतो. "आत्या, सैनिकच होता ना तो? त्याला मारायलाच शिकवलं होतं." मी म्हटलं, अरे, तोही चौकशीत हेच सांगतो, की तुम्हीच मला घडवलंत. आणि समिती काय करते? त्याचं कॅप्टनपद काढून घेते, निवृत्तिवेतन काढून घेते आणि फाइल बंद. त्याला घडवणाऱ्यांपैकी एकाचीही खुर्ची हलत नाही. "म्हणजे मी बरोबर," भाचा. अर्धा, असं म्हणून मी पुरणपोळीकडे वळले.

त्याच मालिकेत आयझाया ब्रॅडली आहे, आणि त्याच्यापाशी माझ्या जूनमधल्या प्रश्नाला उत्तर मिळतं. कृष्णवर्णीय सैनिकांवर गुपचूप प्रयोग, त्यातून वाचलेला एकटा, आणि शौर्याचं बक्षीस म्हणून तीस वर्षं कैद. मूळ कॉमिक २००३ चं, टस्कीगीच्या खऱ्या प्रयोगाची सावली त्यावर स्पष्ट आहे; तिथे सरकारी डॉक्टरांनी १९३२ ते १९७२ शेकडो कृष्णवर्णीयांना उपदंशावर उपचार न देता नुसतं तपासत ठेवलं. इथे हायड्रा नाही, गोळ्या नाहीत. सरकारनेच केलं. पण चित्रपटगृहात नाही, सहा भागांच्या मालिकेत. आणि भरपाई काय, तर संग्रहालयात पुतळा. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, माझ्याही आलं, आणि लगेच स्वतःचा रागही आला.

१५ ऑगस्ट

सोसायटीच्या झेंडावंदनाला भाचा ढाल घेऊन आला. एका आजोबांनी विचारलं, आपल्या स्वातंत्र्यदिनाला अमेरिकेची ढाल कशाला? प्रश्न रास्त. भाच्याने त्यांना विश्वजित सिंग यांचे फोटो दाखवले. न्यूयॉर्कचे हे शीख व्यंगचित्रकार २०१३ मध्ये पगडी आणि दाढीसकट कॅप्टन अमेरिकाचा पोशाख घालून मॅनहॅटनमध्ये फिरले होते. त्याआधीच्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्याच ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार झाला होता. पगडीवाला माणूस दिसला की बिचकणारे लोक त्या दिवशी त्यांच्यासोबत फोटो काढत होते. आजोबांनी फोटो बराच वेळ पाहिले, मग म्हणाले, "ढाल जड आहे का रे?" आणि हातात घेतली.

१७ ऑगस्ट

टोकदार ढालही उरकली. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यांचा पत्रा, उलगडून दोन तुकडे, मधे घडी घालून डाख लावला. खर्च जवळपास शून्य. मुठीचा खड्डा हातोडीने जमत नाही, नुसता पोचा पडतो. रबरी हातमोज्यात प्लास्टर ओतून मूठ केली, ढाल वाळूच्या पोत्यावर ठेवली, मूठ वर धरून लाकडी मोगरीने दणका. बोटांची पेरं उमटली, प्लास्टरची मूठ तिथेच फुटली. खड्डा रंगाच्या आधी पाडा की नंतर, हा प्रश्न असेल तर नंतर. रंग तडकतो, तोच हवा असतो.

हिशेब: गोल ढालीला पाच हजार आठशेच्या आसपास, त्यातले दोन हजार निव्वळ वाया. डिश घेतली नसती, पहिल्यापासून सोळा गेज आणि वॉश प्रायमर घेतला असता, आणि रंगाचं काम गणपतीनंतरच्या कोरड्या हवेत काढलं असतं, तर चार हजारांत होतं. वजन पट्ट्यांसकट अडीच किलोच्या आत. आतल्या बाजूला दंडाखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा चिकटवा, नाहीतर रिव्हेट टोचतात. भाच्याला आता तिसऱ्या भागातल्या ब्लॅक पँथरच्या नखांचे ओरखडे हवेत. ते मी करणार नाही. बाराशे रुपयांचा रंग आहे.